हाटपिपल्या, डोल ग्यारस आणि गाडीतले कुमारजी

इंदूरची मराठी मंडळी फिरायला निघाली की गाडी मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर नाहीतर उज्जैनच्या पलीकडे सहसा वळत नाही. हाटपिपल्या हे नाव आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी निवडणुकीच्या बातम्यांत ऐकलेलं असतं, तेवढंच. देवास जिल्ह्यातलं हे गाव इंदूरपासून साठेक किलोमीटरवर आहे. नेमावर रोडने निघायचं, खुडेल आणि डबलचौकी मागे टाकायची आणि चापड्याला मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळायचं. उजवीकडचा फाटा बागलीला जातो. थांबत-थांबत गेलं तरी दोन तासांत पोचतो.

नावातच हाट आहे आणि पिंपळही आहे. माळव्यात पिपल्या नावाची गावं इतकी आहेत की प्रत्येकाला ओळखीसाठी काहीतरी जोड लागते. या गावाला बाजाराची जोड मिळाली. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांचा जन्म १९२९ साली इथलाच. १९६२ ते १९९८ या काळात ते बागली मतदारसंघातून आठ वेळा निवडून आले आणि १९७७-७८ मध्ये मुख्यमंत्री होते. गावात कुणाशीही पाच मिनिटं बोललात तर जोशीजींचं नाव निघतंच.

आमच्या घरात मात्र हाटपिपल्या म्हणजे बाबांची पहिली पोस्टिंग. बँकेत लागल्यावर त्यांना पहिली शाखा इथली मिळाली. आई लग्न होऊन आली ती याच गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत. घरमालकांच्या कुटुंबाशी चाळीस वर्षांनंतरही दिवाळीचा फोन चालू आहे. गेल्या काही वर्षांत तो फोन आईच घेते, कारण बाबांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही.

बाबांचे कान आणि गाडीतला ॲम्प

वयानुसार ऐकू कमी येतं म्हणजे सगळं सारखंच हळू होतं, असं नाही. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. त्यामुळे स, श, त, क, फ ही अक्षरं पुसट होतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. म्हणून अशा माणसाशी नुसतं ओरडून बोलण्याचा उपयोग कमी. समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं बोललं तर जास्त पोचतं. गाडीत तर समोर बसणं शक्यच नसतं, वर एसीचा, टायरचा, इंजिनचा आवाज. श्रवणयंत्र लावूनही बाबा प्रवासात हळूहळू गप्प होत गेले.

गाणं मात्र त्यांना हवं असतं, आणि गाणं म्हणजे कुमारजी. देवास जिल्ह्यात नोकरी केलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाचे पेशंट म्हणून देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. काही वर्षं अंथरुणावर पडून त्यांनी काय केलं, तर ऐकलं. दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, सणावारांच्या धुना, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं. बरे झाल्यावर एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. तरी ते गायला उभे राहिले, आणि त्या ऐकण्यातून लोकधुनांवरचे नवे राग आले, माळव्याच्या गीतांचे कार्यक्रम आले, कबीर आला. १९९२ मध्ये ते गेले तेही देवासच्या ‘भानुकुल’मध्येच. माताजीच्या टेकडीजवळचं ते घर बाबांनी आम्हाला लहानपणी बाहेरून कितीतरी वेळा दाखवलं आहे.

गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओवर त्यांना हे गाणं नीट लागत नव्हतं. म्हणून मी पुढच्या दारांत चांगले स्पीकर, डिकीत छोटा सबवूफर आणि सीटखाली ॲम्प्लिफायर बसवून घेतला. आवाज फार वाढवावा न लागता शब्द स्वच्छ यावेत, एवढाच हेतू होता. पहिल्या दिवशी देवासच्या रस्त्यावर बाबा बऱ्याच दिवसांनी तालावर मान हलवताना दिसले.

आठवड्याभरात ॲम्प बंद पडायला लागला. चालू गाण्यात मध्येच शांतता. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा गाणं सुरू.

आता कुमारजींचं गाणं ज्यांनी ऐकलं आहे त्यांना माहीत आहे की तिथे शांतता ही गाण्याचाच भाग असते. छोटा तुकडा, मग थांबा, मग दुसरा तुकडा. त्यामुळे गाणं तुटलं की बाबांना आधी वाटायचं हा कुमारजींचा थांबा असेल. तो लांबला की त्यांचा हात कानाकडे जायचा. श्रवणयंत्र काढायचे, त्याचं इवलंसं दार उघडून सेल पाहायचे, खिशातल्या नारिंगी पट्टीच्या चकतीतून नवा सेल घालायचे. तोवर गाणं परत आलेलं असायचं. म्हणजे सेलचाच दोष होता, असं त्यांच्या लेखी सिद्ध व्हायचं. “बाबा, ॲम्प बंद पडतोय, आम्हालाही ऐकू येत नव्हतं,” असं सांगितलं की ते हसून मान डोलवायचे. आम्ही त्यांची समजूत काढतोय असंच त्यांना वाटत होतं.

त्यात भर म्हणजे मी एकटा ऑफिसला जाताना ॲम्प एकदाही बंद पडला नाही. हे कळल्यावर बाबा म्हणाले, “तू एकटा असतोस तेव्हा नीट चालतो. मी बसलो की बंद पडतो. मग दोष कुठे आहे?” त्यानंतर ते गाणं लावायलाच नको म्हणू लागले. दोष शोधून काढणं मला त्या दिवसापासून गरजेचं वाटू लागलं.

काय-काय नव्हतं

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. ग्राहकाकडे चूक दिसते, आपल्याकडे सगळं ठीक चालतं. ज्या दुकानातून काम करून घेतलं तिथे गाडी तीनदा नेली. उभ्या गाडीत ॲम्प तासभर वाजला. “काही प्रॉब्लेम नाही,” म्हणून तिन्ही वेळा परत पाठवलं.

ॲम्प मध्येच बंद पडण्याची कारणं तशी मोजकीच असतात, आणि एकेक करून वगळता येतात.

पहिलं कारण उष्णता. ॲम्पचा ॲल्युमिनियमचा सांगाडा गरम होतो. त्याला हवा मिळाली नाही तर तो स्वतःला बंद करून घेतो आणि थंड झाला की चालू होतो. पण त्याला बरीच मिनिटं लागतात. आमचा तर सकाळी निघाल्यावर चौथ्या मिनिटाला बंद पडायचा, हात लावला तर गार.

दुसरं, स्पीकरच्या वायरमधला शॉर्ट. दाराच्या बिजागरीजवळ वायर घासली जाते आणि पत्र्याला टेकते. यासाठी एकेक स्पीकर सोडवून गाडी चालवून पाहिली. फरक नाही. मीटरवर चार ओहमच्या स्पीकरचं वाचन साडेतीनच्या आसपास येत होतं. ते तसंच यायला हवं.

तिसरं, गाण्याचा सिग्नल तुटणं. तसं झालं असतं तर आवाज गेला तरी ॲम्पचा हिरवा दिवा तसाच राहिला असता. इथे दिवा लाल व्हायचा. म्हणजे ॲम्प स्वतःच्या बचावासाठी बंद होत होता.

उरला वीजपुरवठा. बरेचसे ॲम्प साधारण १० व्होल्टच्या खाली पुरवठा गेला की बंद होतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, ॲम्पवरही तेवढेच. निदान माझ्या पार्किंगमध्ये तरी. इथवर आलो आणि डोल ग्यारस आली.

डोल ग्यारस

भाद्रपद शुद्ध एकादशी म्हणजे गणपती बसल्यापासूनचा आठवडा. आपल्याकडे तिला परिवर्तिनी म्हणतात, माळव्यात डोल ग्यारस. या दिवशी देवांना सजवलेल्या डोलात बसवून नदीवर नेतात. हाटपिपल्याची डोल ग्यारस आसपासच्या गावांत प्रसिद्ध आहे ती इथल्या नृसिंहामुळे. मंदिरातली साडेसात किलोंची पाषाणमूर्ती भमोरी नदीत तीनदा सोडतात. ती पाण्यावर किती वेळा तरंगते त्यावरून येणारं वर्ष कसं जाईल हे ठरतं, अशी श्रद्धा आहे. तिन्ही वेळा तरंगली तर वर्ष उत्तम.

घरमालकांच्या सुनेने आईला फोनवर बजावलं होतं, “काकी, इस बार ग्यारस पे आना ही है।” बाबांनाही यायचं होतं. पुढे बाबा, मागे आई, बायको आणि मुलगी असे निघालो. दोन्ही बाजूंना पिवळं पडायला लागलेलं सोयाबीन, मध्येच पावसाची एक सर. डबलचौकीपर्यंत ॲम्प चार वेळा बंद पडला आणि बाबांनी दोन सेल बदलले. मी गाणं बंद केलं.

हाटपिपल्यात दुपारी पोचलो. उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि फरियाळी मिक्स्चर खाऊन बाबा मला गाव दाखवायला निघाले. बँकेची जुनी जागा आता कपड्यांचं दुकान आहे. त्यांच्या दोन खोल्या मात्र तशाच आहेत, फक्त कौलांच्या जागी स्लॅब आला आहे. दोन म्हाताऱ्या खातेदारांनी त्यांना ओळखलं. एकाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ गप्पा मारल्या. बाबांना काय ऐकू आलं माहीत नाही, पण ते पोटभर हसले.

संध्याकाळी घाटावर इतकी गर्दी होती की मूर्ती आम्हाला दिसलीच नाही. ढोल, झांजा, आखाड्यांची पोरं आणि माणसांच्या डोक्यांचा समुद्र. मध्येच समोरून जयघोष उठायचा आणि लाटेसारखा मागे आमच्यापर्यंत यायचा. बाबांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं होतं. असल्या गोंगाटात ते नकोसं होतं. तरी जयघोष उठला की त्यांचे हात जोडले जायचे. ढोल छातीत ऐकू येतो, असं ते मला नंतर म्हणाले.

“सवारी बिठाओ”

दुसऱ्या दिवशी द्वादशीचे दाल-बाफले आणि लाडू होते. जेवण व्हायला वेळ होता म्हणून यजमानांच्या मुलाने मला बसस्टँडजवळच्या एका इलेक्ट्रिशियनकडे नेलं. तो मुख्यतः ट्रॅक्टरचं काम करतो. आमच्या भागातल्या ट्रॅक्टरवर डेक, ॲम्प आणि दोन-दोन वूफर असणं ही नवलाई राहिलेली नाही, आणि ट्रॅक्टरइतके धक्के कुठल्याही मोटारीला बसत नाहीत. त्यामुळे या माणसाला सुटणाऱ्या वायरींचा जेवढा अनुभव आहे तेवढा शहरातल्या शोरूमला असणं कठीण.

मी त्याला सगळी लक्षणं सांगितली. एकटा असताना बंद पडत नाही, हेही सांगितलं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “भिया, खाली गाड़ी में तो बजेगा ही। सवारी बिठाओ।”

दुकानातली दोन पोरं आणि यजमानांचा मुलगा मागच्या सीटवर बसले. गाणं लावलं. पोरांना त्याने बसल्या जागी उड्या मारायला सांगितल्या. तिसऱ्या उडीला ॲम्प बंद.

मग त्याने ट्रॅक्टरला स्टार्टर देताना वापरतात ती जाड केबल आणली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट ॲम्पच्या मायनसला. पोरं पुन्हा उड्या मारू लागली. गाणं थांबलं नाही. केबल काढली की बंद, लावली की चालू. निदान झालं होतं. मायनसचा परतीचा रस्ता कच्चा होता.

गाडीत बॅटरीची प्लसची वायर ॲम्पपर्यंत वेगळी ओढतात. मायनस मात्र गाडीच्या पत्र्यातूनच परत जातो. त्याला मेकॅनिक मंडळी बॉडी अर्थ म्हणतात. ही अर्थची वायर पत्र्याला जिथे जोडली जाते तो सांधा पक्का नसेल तर बाकी सगळं उत्तम असून उपयोग नाही. आमची वायर मागच्या सीटच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली, रंगावरच आवळलेली होती. वॉशरखाली गालिच्याचे धागेही सापडले. सीट रिकामी असली की बोल्ट कसाबसा टेकून असायचा. तीन माणसं बसली आणि रस्त्यात खड्डा आला की ब्रॅकेट किंचित हलायचं आणि सांधा सुटायचा. बाबा गाडीत असले की आई, बायको आणि मुलगीही असतात. दोष बाबांचा नव्हता, भरलेल्या सीटचा होता.

मी मीटर लावून आकडे घेतले, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. भरलेल्या सीटवर, गाणं चालू असताना, बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत ०.३ व्होल्टची घट. ठीक. बॅटरीच्या मायनसपासून ॲम्पच्या मायनसपर्यंत ३ व्होल्टच्या वर, आणि उडीला चारच्याही पुढे. १३.९ मधून एवढं वजा केलं की ॲम्पच्या वाट्याला साडेनऊ उरतात. हिशेब सोपा आहे. तबल्याच्या डग्गयावर जोराचा हात पडला की आमचा ॲम्प ३० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. सांध्याचा अडथळा ०.१ ओहम असेल तर ३० गुणिले ०.१, म्हणजे ३ व्होल्ट तिथेच जातात. ०.१ ओहम हा अडथळा इतका लहान आहे की साध्या मीटरवर ओहम मोजून तो धड दिसतही नाही. म्हणून ओहम मोजायचे नाहीत, काम चालू असताना व्होल्टची घट मोजायची.

दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागली. सीटपासून दूर, पत्र्यावर जागा निवडली. खाली पेट्रोलची नळी किंवा दुसरी वायर नाही हे पाहिलं. रंग खरवडून धातू चकचकीत केला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. अर्थची वायर प्लसच्या जाडीचीच आणि हातभर लांब. नंतर भरलेल्या सीटवर मायनसची घट ०.१ व्होल्ट, ॲम्पवर १३.५. त्याने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले. “बाबूजी हमारे गाँव के हैं,” म्हणाला. शेवटी पोरांच्या चहाच्या नावाने घेतले.

बाबा हे सगळं समोरच्या बाकावर बसून पाहत होते. उड्या मारणारी पोरं, केबल लावली की गाणं, काढली की शांतता. ते उठून आले, केबल स्वतःच्या हाताने काढून पाहिली, लावून पाहिली. मग मला म्हणाले, “म्हणजे तुम्ही खरंच सांगत होतात.”

परतीची वाट

परतताना चापड्याहून घरी न वळता आम्ही बागलीच्या पुढे कावडिया पहाडाकडे गेलो. तुम्हीही वेळ काढून जा. सहा-सात बाजूंचे बसाल्टचे खांब, कुणी कारखान्यात पाडून रचून ठेवावेत तसे, डोंगरभर पडलेले आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना त्याला अशा नेमक्या भेगा पडतात. हा आपल्या सह्याद्रीचाच दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनपासून माळव्यापर्यंत पसरलेला. स्थानिक लोक सांगतात की भीमाला नर्मदेशी लग्न करायचं होतं आणि तिचा प्रवाह एका रात्रीत अडवायची तिची अट होती. त्यासाठी त्याने हे दगड जमवले, पण कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिलं.

या दगडांवर दगड मारला तर लोखंडासारखा नाद येतो. मुलगी एकेक खांब वाजवत फिरली. बाबांनी श्रवणयंत्राचा आवाज थोडा वाढवला आणि कुठला खांब जास्त चांगला वाजतो यावर तिच्याशी वाद घातला.

तरुण वाचकांसाठी दोन गोष्टी. गाडीत ॲम्प बसवणार असाल तर बॅटरीजवळच फ्यूज लावून घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरीऐवजी शुद्ध तांब्याची घ्या, आणि अर्थची जागा स्वतः डोळ्यांनी पाहा. तपासणी करायची तर गाडी रोज जशी भरलेली असते तशी भरून करा. आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. त्याहून मोठा असेल तर तास झपाट्याने कमी होतात. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

दुसरी गोष्ट ॲम्पबद्दल नाही. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर ते माणूस प्रत्येक शांततेचा दोष स्वतःकडे घेतं. फोन कटला, टीव्ही अडकला, कुणी मध्येच बोलायचं थांबलं, तरी हात कानाकडेच जातो. “तुमचं काही नाही, मशीनचं आहे,” हे नुसतं सांगून पटत नाही. त्यांच्यासमोर, त्यांच्याच हाताने दाखवावं लागतं.

हाटपिपल्याला जायचं तर पावसाळा सरता-सरता, डोल ग्यारसच्या सुमारास जा. घाटावर दुपारीच जागा धरा, गाडी गावाबाहेर लावा, आणि मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशीचे बाफले चुकवू नका.